एकफलकी संगणकाचा कर्नल : बांधणी व दोषशोधन

काशी येथे गंगेच्या पश्चिम तीरावर, दरभंगा घाट व अहिल्याबाई घाट यांच्या दरम्यान मुन्शी घाट आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील एक मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो इ. स. १८१२ मध्ये बांधविला व त्यांच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. पुढे १९१५ साली त्याचा एक भाग दरभंग्याच्या राजघराण्याने विकत घेतला. तोच आजचा दरभंगा घाट होय. पावसाळ्यात गंगा चढू लागली की या घाटांच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात. पाणी कुठवर आले असे कोणी विचारल्यास जाणता नावाडी पाण्याबाहेर राहिलेली पहिली पायरी बोटाने दाखवितो. पायऱ्या ही त्याची मोजपट्टी असते.

शासकीय मोजणी अर्थात याहून काटेकोर असते. वाराणसी येथे गंगेची इशारा-पातळी समुद्रसपाटीपासून ७०.२६२ मीटर व धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानलेली आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. इशारा आणि धोका यांच्यामध्ये अवघ्या एका मीटरचे अंतर आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या पाठापुरते एक कल्पित उदाहरण घ्यावयाचे आहे. मुन्शी घाटाच्या वरच्या भिंतीवर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर, एक लहानशी पेटी बसविली आहे असे समजावे. पेटीत पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक, एक घड्याळ व ध्वनीच्या साहाय्याने अंतर मोजणारे एक उपकरण आहे. हे उपकरण खाली पाण्याकडे कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडते व प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून पाण्याची पातळी ठरते. दर पंधरा मिनिटांनी पातळी व वेळ यांची नोंद व्हावी, एवढेच या संगणकाचे काम. हे काम नीट व्हावे म्हणून त्याचा कर्नल नव्याने बांधण्यात आला आणि त्यानंतर संगणक सुरूच होईना. आता काय करावे, हा या पाठाचा विषय आहे.

कर्नल म्हणजे काय?

सर्व भाग एकाच फलकावर बसविलेल्या संगणकास एकफलकी संगणक म्हणतात. इंग्लंडमध्ये तयार झालेला 'रास्पबेरी पाय' हा त्यांपैकी सर्वांत परिचित होय. तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रथम विक्रीस आला. पुढील विवेचन त्याच्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे २०१९ साली निघालेल्या फलकास अनुसरून केले आहे. तथापि त्यातील विचारपद्धती कोणत्याही फलकास लागू पडते.

संगणकाच्या यंत्रभागांवर प्रत्यक्ष अंमल चालविणारी व इतर सर्व आज्ञावलींना त्यांचा वाटा नेमून देणारी जी मूळ आज्ञावली, तिला कर्नल म्हणतात. 'लिनक्स' हा असाच एक कर्नल असून त्याचा आरंभ १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. त्याची मूळ संहिता सर्वांस खुली असल्यामुळे ती कोणासही आपल्या गरजेप्रमाणे बांधून घेता येते.

तयार कर्नल उपलब्ध असताना तो नव्याने बांधण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानास सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. प्रतिध्वनी पोहोचल्याची दखल घेण्यास संगणकाने एक सहस्रांश सेकंद उशीर केला, तर तेवढ्या वेळात ध्वनी ३४ सेंटिमीटर जातो आणि जाण्या-येण्याचा हिशेब केल्यास पातळीत १७ सेंटिमीटरची चूक पडते. इशारा आणि धोका यांमधील अंतराच्या सहाव्या हिश्श्याहून ही चूक अधिक आहे. असा उशीर टाळण्यासाठी, ठरल्या वेळेत उत्तर देण्याची हमी देणारी बांधणी लिनक्समध्ये निवडता येते. पूर्वी ती स्वतंत्र पुरवणीच्या रूपाने मिळत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेल्या ६.१२ या आवृत्तीपासून ती मुख्य संहितेतच समाविष्ट झाली आहे. आपल्या उदाहरणातील कर्नल याच कारणासाठी बांधला आहे.

बांधणीतील तीन जिन्नस

माणसाने लिहिलेल्या संहितेचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. बांधणी झाल्यावर त्यातून तीन निरनिराळे जिन्नस बाहेर पडतात. पहिला, खुद्द कर्नलाची फाईल. दुसरा, मॉड्यूले, म्हणजे कर्नलाचे असे सुटे भाग की जे गरजेप्रमाणे मागाहून जोडता येतात. तिसरा जिन्नस म्हणजे 'डिव्हाइस ट्री', अर्थात फलकावर कोणकोणती उपकरणे कोठे जोडलेली आहेत याची यादी.

हे तिन्ही जिन्नस एकाच बांधणीतून निघालेले असले पाहिजेत. नवा कर्नल आणि जुनी मॉड्यूले अशी मोट बांधल्यास 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' अशी तक्रार उमटते, कारण प्रत्येक मॉड्यूलावर ते कोणत्या कर्नलासाठी घडविले याचा शिक्का असतो व कर्नल तो तपासून पाहतो. घरी बांधलेल्या कर्नलांतील दोषांचे हे एक अत्यंत सामान्य कारण होय. त्यावर उपाय सोपा आहे. बांधणीपूर्वी आवृत्तीच्या नावापुढे आपली खूण जोडावी. उदाहरणार्थ, 'मुन्शी-१', 'मुन्शी-२'. त्यायोगे प्रत्येक बांधणीची मॉड्यूले वेगळ्या कप्प्यात पडतात व चालू असलेला कर्नल नेमका कोणता, हेही विचारताक्षणी कळते.

बांधणीच्या आरंभी कर्नलाच्या प्रत्येक भागाविषयी निवड करावी लागते. उत्तरे तीनच असतात : 'होय', 'मॉड्यूल' आणि 'नाही'. 'होय' म्हटलेला भाग कर्नलाच्या पोटातच बसतो, 'मॉड्यूल' म्हटलेला सुटा राहतो आणि 'नाही' म्हटलेला मुळी घडतच नाही. अशा निवडी हजारोंनी असल्यामुळे त्या स्वतः प्रारंभापासून करू नयेत. फलकासाठी तयार असलेले निवडपत्र घ्यावे आणि त्यात हवा तेवढाच बदल करावा.

बांधणीच अडली तर

बांधणी बहुधा मेजावरील मोठ्या संगणकावर करतात, कारण लहान फलकावर तिला कित्येक पट अधिक वेळ लागतो. मात्र मोठ्या संगणकाच्या व फलकाच्या प्रोसेसरांची भाषा निराळी असते. ज्यासाठी बांधावयाचे त्या प्रोसेसराची जात आणि त्याचा कंपायलर या दोन गोष्टी प्रत्येक आज्ञेबरोबर सांगाव्या लागतात. निवडपत्र तयार करताना त्या सांगितल्या पण बांधताना विसरल्या, तर घातलेल्या निवडी निरुपयोगी होतात व भलत्याच यंत्राचा कर्नल बांधला जाऊ लागतो.

बांधणी मध्येच थांबल्यास शेवटची ओळ वाचून अनुमान करू नये. एकाच वेळी अनेक कामे चालू असल्यामुळे पहिली चूक घडून गेल्यावरही इतर कामांच्या ओळी उमटतच राहतात. मागे जाऊन पहिली चूक शोधावी. ती सापडत नसल्यास एका वेळी एकच काम चालवून बांधणी पुन्हा करावी, म्हणजे ती थेट चुकीपाशी येऊन थांबते. एखादे साधन बसविलेले नसणे, डिस्कवरील जागा संपणे आणि लहान फलकावरच बांधणी करीत असल्यास मेमरी अपुरी पडून कंपायलर मध्येच बंद पाडला जाणे, ही नेहमीची कारणे होत. शेवटच्या प्रकारात पडद्यावर केवळ 'किल्ड' एवढाच शब्द दिसतो; संहितेत मात्र कोणतीही चूक नसते.

आरंभाच्या सहा पायऱ्या

बांधणी निर्वेध पार पडली, कार्ड फलकात घातले, वीज दिली, आणि पडदा काळाच राहिला. अशा प्रसंगी नवशिका मनुष्य निवडपत्र उघडून दिसेल ते बदलू लागतो. हा मार्ग चुकीचा आहे. 'काय बिघडले असेल?' हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा की, 'संगणक कोणत्या पायरीपर्यंत पोहोचला?' घाटावरच्या नावाड्याप्रमाणेच येथेही पोहोचलेली शेवटची पायरी प्रथम निश्चित करावयाची असते. त्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली पायरी : वीज मिळताच प्रोसेसरातील व फलकावरील कायम स्वरूपाची आरंभ-आज्ञावली जागी होते.

दुसरी पायरी : ती मेमरी कार्डाच्या पहिल्या विभागातून फलकाची पुढील आज्ञावली व 'कॉन्फिग' नावाची सूचनांची फाईल वाचते.

तिसरी पायरी : त्या सूचनांप्रमाणे कर्नल, डिव्हाइस ट्री आणि कर्नलाला द्यावयाची आज्ञांची ओळ ही मेमरीत आणली जातात.

चौथी पायरी : कर्नल स्वतः चालू होतो व आपल्या पोटातील ड्रायव्हरांकरवी उपकरणे ओळखू लागतो. एखादे उपकरण चालविणारा कर्नलाचा भाग म्हणजे ड्रायव्हर.

पाचवी पायरी : कर्नल कार्डाचा दुसरा विभाग उघडतो. इतर सर्व आज्ञावली याच विभागात असतात. त्यास मूळ विभाग किंवा 'रूट' म्हणतात.

सहावी पायरी : मूळ विभागातील पहिली आज्ञावली सुरू होते, तिला क्रमांक १ मिळतो. तिच्यामार्फत पुढील सर्व कामे चालू होतात.

फलकाचे बोलणे ऐकणे

पडदा काळा असला तरी फलक मुका असतोच असे नाही. पहिल्या तीन पायऱ्यांवरील दोष तो हिरव्या दिव्याच्या उघडझापीने सांगतो. दिवा चार वेळा लुकलुकून थांबत असल्यास दुसऱ्या पायरीवरील आरंभ-फाईल सापडलेली नाही. सात वेळा लुकलुकत असल्यास कर्नलाची फाईल सापडलेली नाही. म्हणजे तिचे नाव चुकले आहे किंवा ती भलत्या विभागात ठेवली गेली आहे. पडद्यावर सप्तरंगी चौकोन उमटून तसाच राहिल्यास दुसरी पायरी पार झाली, परंतु कर्नलाने अद्याप पडद्याचा ताबा घेतलेला नाही, असे समजावे.

चौथ्या पायरीपासून पुढे ऐकण्याचे साधन म्हणजे सीरियल तार. फलकाच्या कडेला चाळीस पिनांची जी दुहेरी रांग असते, तीतील सहावी पिन जमिनीची, आठवी बोलण्याची व दहावी ऐकण्याची. या तीन पिनांना यूएसबी-सीरियल जोडणी लावून ती मोठ्या संगणकास जोडली असता कर्नलाची प्रत्येक ओळ वाचता येते. फलकाची बोलण्याची पिन जोडणीच्या ऐकण्याच्या पिनेस व ऐकण्याची पिन बोलण्याच्या पिनेस लावावी. जोडणी ३.३ व्होल्टचीच असावी. ५ व्होल्टची लावल्यास फलक कायमचा निकामी होऊ शकतो. वेग सेकंदास १,१५,२०० बिट ठेवावा आणि 'कॉन्फिग' फाईलमध्ये सीरियल मार्ग खुला केलेला असावा. कर्नल अगदी आरंभीच अडखळत असल्यास आज्ञांच्या ओळीत 'अर्लीकॉन' हा शब्द घालावा. त्यामुळे नेहमीचे ड्रायव्हर जागे होण्यापूर्वीच्या ओळीही उमटतात.

पायरीवरून कारणाकडे

तारेवर एकही ओळ न येता फलक सप्तरंगी चौकोनापाशी थबकला असेल, तर दोष तिसऱ्या व चौथ्या पायरीच्या सीमेवर शोधावा. ६४ बिटांचा कर्नल ३२ बिटांच्या कर्नलाच्या नावाने ठेवला गेला असेल, डिव्हाइस ट्री दुसऱ्याच फलकाची असेल किंवा कार्ड काढताना फाईल अर्धवट लिहिली गेली असेल. मोठ्या संगणकावर कार्ड पुन्हा लावून फाईलींची नावे, आकारमान व तारीख पडताळावी.

ओळी भराभर येतात परंतु शेवटी 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' असे म्हणून संगणक स्वस्थ बसतो, असे झाल्यास चौथी पायरी पार झाली व पाचवी अडली. कर्नलाला मेमरी कार्डच दिसत नाही, किंवा आज्ञांच्या ओळीत मूळ विभागाचे नाव चुकले आहे. वाट पाहण्याची आज्ञा दिलेली नसेल तर याच दोषाबद्दल 'अनेबल टू माउंट रूट' ही तक्रार येऊन तिच्या शेवटी कंसात (०,०) हे आकडे उमटतात आणि कर्नल काम सोडून देतो. या अवस्थेस 'कर्नल पॅनिक' म्हणतात.

तीच तक्रार (१७९,२) या आकड्यांनिशी आली तर अर्थ पालटतो. १७९ हा लिनक्समध्ये मेमरी कार्डाच्या जातीचा क्रमांक आहे व २ हा विभागाचा. म्हणजे कार्ड दिसले, दुसरा विभागही सापडला, परंतु त्यावरील मांडणी कर्नलाला वाचता आली नाही. याचे नेहमीचे कारण असे की, त्या मांडणीचा ड्रायव्हर 'होय' ऐवजी 'मॉड्यूल' म्हणून निवडलेला असतो. मॉड्यूले मूळ विभागात असतात आणि मूळ विभाग उघडण्यास तेच मॉड्यूल हवे असते. पेटीला कुलूप आणि किल्ली पेटीत, अशी ही स्थिती होय. आरंभासाठी वेगळा तात्पुरता विभाग वापरला जात नसल्यास, मूळ विभागापर्यंत पोहोचण्यास जे जे लागते ते सर्व कर्नलाच्या पोटातच असावयास हवे.

कोणत्याही पायरीवर, आणि प्रत्येक वेळी निराळ्याच ठिकाणी, संगणक अडत असेल तर कर्नलाला दोष देण्यापूर्वी वीज तपासावी. या फलकाचा पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की अपुऱ्या दाबाची सूचना उमटते. लांब व बारीक तार किंवा हलका चार्जर ही त्याची कारणे. येथे एक साधी कसोटी फार उपयोगी पडते. जुना, पूर्वी चालत असलेला कर्नल त्याच फलकावर, त्याच तारेने चालवून पाहावा. तोही अडखळला, तर हा दोष बहुधा नव्या कर्नलाचा नाही.

उपकरण दिसत नाही तेव्हा

आपल्या उदाहरणातील संगणक आता सहाव्या पायरीपर्यंत पोहोचला, असे समजू. परंतु घड्याळ चालत नाही. चौथ्या पिढीच्या या फलकास स्वतःचे बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली आणि इंटरनेट नसले, तर पुन्हा सुरू झाल्यावर संगणक खरी वेळ जाणत नाही. पुराच्या रात्री पातळी अचूक मोजली परंतु तिच्यापुढे चुकीचा तास लिहिला, तर अशी नोंद नसलेल्या नोंदीपेक्षाही घातक ठरते, कारण पाणी किती वेगाने चढत आहे याचा हिशेबच त्यामुळे उलटा होतो.

'डीएस ३२३१' या प्रचलित घड्याळ-चिपेचा पत्ता सोळाच्या पटीतील अंकपद्धतीत ६८ असा असतो. ती ज्या दोन तारांवर बसते त्यांवर कोण कोण आहे, याची यादी एका लहान आज्ञावलीने मिळते. यादीत काहीच न दिसल्यास तारा सुटल्या आहेत किंवा तो मार्गच खुला केलेला नाही. ६८ हा आकडा दिसल्यास तारा ठीक आहेत, परंतु ड्रायव्हराने चिप ताब्यात घेतलेली नाही. त्याच जागी 'यूयू' अशी अक्षरे दिसल्यास ड्रायव्हर कामावर रुजू झाला आहे, व दोष त्याहून पुढे शोधावयाचा आहे. एका नजरेत शोधाचे क्षेत्र तिपटीने लहान होते.

आकडा दिसतो पण ड्रायव्हर रुजू होत नाही, अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्या : निवडपत्रात ड्रायव्हर 'होय' किंवा 'मॉड्यूल' आहे काय, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये त्या घड्याळाची नोंद आहे काय. कित्येक उपकरणे आपण होऊन कर्नलास आपली ओळख देत नाहीत; यादीत नाव असेल तरच कर्नल त्यांची विचारपूस करतो.

या यादीचे महत्त्व महाराष्ट्रातीलच एका कामावरून स्पष्ट होते. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते 'आकाश-२' हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब्लेट प्रकाशित झाला. त्या योजनेचे काम पवई येथील आयआयटी मुंबई या संस्थेकडे होते. टॅब्लेटमधील मूळ प्रणालीस हात न लावता मेमरी कार्डावरून ग्नू-लिनक्स चालविण्याचा उद्योगही तेथे करण्यात आला. त्या टॅब्लेटचा 'ऑलविनर ए १३' हा प्रोसेसर बल्गेरियातील ओलिमेक्स कंपनीच्या एकफलकी संगणकातही होता. प्रोसेसर एक, परंतु पडदा, स्पर्शफलक व पिनांची जोडणी भिन्न. म्हणून त्या काळच्या त्या कर्नलाला प्रत्येक फलकासाठी जोडण्यांचे वर्णन करणारी वेगळी फाईल द्यावी लागे. एकाचे वर्णन दुसऱ्यास दिल्यास कर्नल तोच असूनही उपकरणे आंधळी होत. डिव्हाइस ट्रीचे कार्य आज हेच आहे.

अर्ध्या-अर्ध्याने शोध

कधी दोष आपल्या निवडीत नसून खुद्द संहितेतील एखाद्या बदलात असतो. जुन्या आवृत्तीत उपकरण चालत होते, नव्या आवृत्तीत चालत नाही आणि मध्ये दहा हजार बदल झाले आहेत, असे समजा. ते एकेक तपासणे अशक्य. परंतु बरोबर मधल्या बदलापर्यंतची संहिता बांधून पाहिली, तर एकाच चाचणीत निम्मे बदल संशयमुक्त होतात. उरलेल्यांचा पुन्हा मध्य काढावा. दोनाचा चौदावा घात १६,३८४ असल्यामुळे चौदा चाचण्यांत नेमका दोषी बदल हाती लागतो. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या 'गिट' या साधनात या शोधासाठी 'बायसेक्ट' नावाची आज्ञाच आहे.

परतीची वाट

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पाऊस लागला की घाटाच्या पायऱ्या बुडतात, नावा बांधून ठेवल्या जातात आणि भिंतीवरील पेटीपाशी जाणे धोक्याचे होते. अशा वेळी दुरून बसविलेला नवा कर्नल सुरूच झाला नाही तर सर्व नोंद थांबेल, आणि तीही नेमकी ज्या दिवसांसाठी पेटी बसविली त्या दिवसांत. म्हणून चालत असलेला कर्नल कधीही पुसू नये. नव्या कर्नलास निराळे नाव द्यावे आणि जुना जागच्या जागी राहू द्यावा.

रास्पबेरी पायवर 'ट्रायबूट' नावाची सोय आहे. तिने नव्या कर्नलाची चाचणी फक्त एका आरंभापुरती होते. त्यानंतर काही कारणाने संगणक पुन्हा सुरू झाला तर तो आपोआप जुन्या कर्नलाकडे वळतो. चाचणीच्या आज्ञांच्या ओळीत आणखी दोन गोष्टी कराव्या. 'पॅनिक' या शब्दापुढे १० हा आकडा द्यावा, म्हणजे कर्नल पॅनिक झाल्यास दहा सेकंदांनी संगणक स्वतःच पुन्हा सुरू होतो. तसेच मूळ विभागाची अनंत काळ वाट पाहण्याची आज्ञा काढून ठरावीक विलंबाची आज्ञा द्यावी. नाही तर संगणक पॅनिक न होता वाटच पाहत बसेल. येवढी व्यवस्था केल्यावर पाचव्या पायरीवरील दोष संगणकास घाटावर अडकवू शकत नाही. कर्नल मुळात चालूच झाला नाही, तर मात्र वीज बंद करून पुन्हा द्यावी लागते. पण तेव्हाही उठतो तो जुनाच कर्नल. कर्नल सुदृढ असल्याची खात्री पटल्यावरच त्यास कायमचा करावा.

सारांश, दोषशोधनाचे तीन नियम होत. प्रथम पोहोचलेली शेवटची पायरी निश्चित करावी. एका वेळी एकच बदल करावा व तो, त्याच्या परिणामासह, वहीत लिहावा; दोन बदल एकत्र केले आणि संगणक चालू झाला, तरी कशामुळे चालू झाला हे कळत नाही, व तोच दोष पुढे पुन्हा उद्भवतो. आणि परतीची वाट मोकळी ठेवल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये. ज्याच्या नोंदींवर लोकांनी घर केव्हा सोडावे हे ठरणार असेल, त्या यंत्राच्या बाबतीत हा तिसरा नियम पहिल्या दोहोंइतकाच वैज्ञानिक आहे.

अभ्यास

१. प्रतिध्वनीची दखल घेण्यास दोन सहस्रांश सेकंद उशीर झाल्यास पातळीत किती सेंटिमीटरची चूक पडेल? ध्वनीचा वेग सेकंदास ३४३ मीटर धरावा.

२. हिरवा दिवा सात वेळा लुकलुकतो. संगणक कोणत्या पायरीवर थांबला आहे? प्रथम काय तपासावे?

३. 'अनेबल टू माउंट रूट' या तक्रारीपुढील (०,०) व (१७९,२) या आकड्यांच्या अर्थांतील भेद स्पष्ट करा.

४. एक हजार बदलांतून दोषी बदल अर्ध्या-अर्ध्याच्या रीतीने शोधण्यास जास्तीत जास्त किती चाचण्या लागतील?

५. 'जुना कर्नल चालवून पाहणे' ही कसोटी शास्त्रीय प्रयोगातील कोणत्या तत्त्वावर आधारलेली आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.